पडद्यावरची बिनपायांची माणसं

१

जूनमधली संध्याकाळ. आठ वाजून गेले तरी कुरणावर उजेड होता. सुयुमकान आपा शेजारच्या तळावर लोकरीचं जाजम थापायला गेल्या होत्या, त्या घरी आल्या आणि युर्तच्या, म्हणजे आपल्या गोल लोकरी तंबूच्या, दारातच थांबल्या. त्यांचा नवरा नरमत दारासमोरच्या मानाच्या बैठकीवर आडवा पडला होता. कानशिलाला जखम होती आणि शेजारी चहाचे दोन वाडगे होते, त्यातला एक उपडा झालेला. आपांनी त्याला दोनदा हाक मारली. तिसरी हाक खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू गेली म्हणतात.

दोन महिन्यांनी हा खटला आमच्या तालुक्याच्या कोर्टात उभा राहिला आणि मी त्याची चित्रफीत दाखवली. माझं नाव नाझिरा. कोर्टातला भिंतभर पडदा, आवाज, कॅमेरे, सगळं माझ्या ताब्यात. पूर्वी पुरावा म्हणजे हातोहात फिरणारा एक मळका फोटो असायचा. तो साक्षीदाराकडे पोचेपर्यंत सरकारी वकिलाच्या चहाचा डाग त्यावर पडलेला असायचा. आता मी एक बटण दाबते आणि खोलीतली साठ माणसं एकाच वेळी एकच गोष्ट बघतात. सगळ्यांचा श्वास एकदम थांबतो, मला ऐकू येतं ते. या कामाला नऊ वर्षं झाली, या पडद्याला तीन, अजून माझ्या अंगावर काटा येतो.

त्या दिवशीही आला. पडद्यावर नरमत उभा राहिला. मेलेला माणूस, दीड पुरुष उंच, पांढरी लोकरी टोपी घातलेला, रागाने लाल झालेला. "माझ्या करड्याचा पाय कुणी मोडला?" तो ओरडला. करडा म्हणजे त्याचा शर्यतीचा घोडा. समोर त्याचा गुराखी जापार, हातात चाबूक. जापारने चाबूक वर उचलला आणि चित्रफीत संपली.

सरकारी वकील एवढंच म्हणाले, "वेळ, संध्याकाळी सहा चाळीस. डॉक्टर म्हणतात मृत्यू सहा ते सातच्या दरम्यान. यापुढे मी काय बोलू?"

लोखंडी पिंजऱ्यात जापार खाली मान घालून बसला होता. जेमतेम तिशीचा, आईबाप नसलेला, नरमतकडेच लहानाचा मोठा झालेला. त्याला पंधरा वर्षं होणार हे झाडूवालीलाही कळत होतं. सुयुमकान आपा पहिल्या बाकावरून उठल्या, पिंजऱ्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हातचं खाल्लंस रे तू." मग त्या थुंकल्या. न्यायाधीशांनी त्यांना टोकलं नाही.

२

जापारचे वकील दोरोन बाइके; बाइके म्हणजे दादा, आमच्याकडे वडील माणसाला असंच म्हणतात. सरकारने दिलेले, म्हणजे फुकटचे. जन्म शहरातला, चौथ्या मजल्यावरचा. घोड्याच्या जवळ गेले की शिंका येतात. पोट एवढं मोठं की खुर्चीत बसले की खुर्चीच आरोपी वाटते. दुपारच्या सुटीत ते माझ्या खोलीत आले, माझ्याच किटलीतून चहा ओतून घेतला आणि बसले.

"नाझिरा, तुझी फीत परत लाव."

"बाइके, तिसऱ्यांदा?"

"मला कंटाळा आला की मी सांगेन."

मी लावली. त्यांनी बशीतली मनुका तोंडात टाकली, चघळली. मग तपासाच्या फायलीतला एक कागद माझ्यासमोर सरकवला. चित्रफितीतून काढलेल्या एका चित्राची झेरॉक्स, काळीपांढरी, पोस्टकार्डाएवढी. वरच्या बाजूला आमच्या झेरॉक्स मशीनचा नेहमीचा पांढरा फटक डाग.

"हे काय आहे?"

"जापार आणि नरमत."

"ते आंधळ्यालाही दिसेल. खाली बघ. काय आहे?"

"बूट."

"आता तुझ्या भिंतीवर बघ. आहेत बूट?"

मी खिडकीतून कोर्टातल्या पडद्याकडे पाहिलं. दोघंही कमरेपासून वर होते, भव्य, थेट कोर्टाच्या छतापर्यंत. पाय नव्हते.

"माझ्या अशिलाचे बूट कुणी खाल्ले?" बाइके म्हणाले. "तुझा पडदा खातो काय बूट?"

मला हसता आलं नाही. कारण बूट कुणी खाल्ले ते मला माहीत होतं.

३

झालं होतं असं. पडदा नवा आला तेव्हा पहिल्याच खटल्यात मी फोनवरची एक उभी फीत लावली. उभी फीत आडव्या पडद्यावर लावली की मधोमध एक पट्टी दिसते आणि दोन्ही बाजूंना काळोख. आमचे न्यायाधीश तोलोमुश यांनी चष्मा काढला.

"नाझिरा, सरकारने आपल्याला भिंतीएवढा पडदा दिला, आणि तू मधे दात कोरायची काडी उभी करून दाखवतेस? पाहुणे आले तर काय म्हणतील?"

मी निमूटपणे 'पडदा भरा' हे बटण दाबलं. चित्र फुगलं, काळोख गेला, तोलोमुश साहेब खूश. वरखाली चित्र कापलं जातं हे मला ठाऊक होतं, पण छप्पर आणि जमीन कुणाला हवी असते? आपल्याकडे पाहुण्यापुढे ताट भरलेलंच ठेवतात. अर्धं रिकामं ताट ठेवायला हात धजत नाही, तसाच अर्धा रिकामा पडदा ठेवायलाही माझा हात धजला नाही. ते बटण तेव्हापासून दाबलेलंच होतं.

"किती कापलं जातं?" बाइकेंनी विचारलं.

"तीन भागांतले दोन."

त्यांनी वाडगा खाली ठेवला. "म्हणजे तीन वर्षं हे कोर्ट प्रत्येक पुराव्याचा एक तृतीयांश बघून निकाल देतंय?"

"फक्त उभ्या फितींचा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मी बटण काढलं. भिंतीच्या मधोमध एक अरुंद पट्टी उरली, दोन्ही बाजूंना काळोख. आणि त्या पट्टीत सबंध युर्त उभा राहिला. खाली रंगीत जाजम, त्यावर दोघांचे बूट. वर लाल काठ्यांचं छत. नरमतने आपला फोन दाराजवळच्या जाळीला टांगला होता. रशियात काम करणाऱ्या मुलाला निरोप पाठवायचा म्हणून तो बोलत होता म्हणे, तेवढ्यात जापार आत आला. मोठा पडदा जे दाखवत नव्हता, ते या काडीएवढ्या चित्रात होतं. मी नऊ वर्षं चित्रं दाखवतेय, पण त्या क्षणी पहिल्यांदा चित्र पाहिलं असं मला वाटलं.

"जापारचा पाय बघ," बाइके हळूच म्हणाले.

चाबूक वर जात होता आणि जापारचा उजवा पाय मागे सरकत होता. मारणारा माणूस पाऊल पुढे टाकतो. हा मागे हटत होता.

"तो म्हणतो, चाबकाने मी नुसतं बाहेर दाखवलं, घोड्याला कुणी नेलं होतं ते सांगायला. बरोबर दिसतंय. पण एका पावलावर पंधरा वर्षं सुटत नाहीत. वेळ संध्याकाळची आहे तोवर जापार मेला." मग ते पुढे वाकले. "आणि हे काय चमकतंय?"

मानाच्या बैठकीच्या वर, छताच्या काठ्यांवर एक पांढराशुभ्र गोळा होता. झेरॉक्सवरचा तो डाग! मशीनचा नव्हताच तो. मी उगाच त्या बिचाऱ्या मशीनला शिव्या देत होते.

"ऊन," मी म्हणाले. "छताच्या मधल्या गोल झरोक्यातून येतं."

"मग?"

मला माझी आजी आठवली. ती घड्याळ वापरत नसे. "ऊन हंड्यावर आलं, चहा ठेव," म्हणायची. युर्तमध्ये ऊन दिवसभर फिरतं, आणि त्याच्या मागे घरातली बाई फिरते.

"बाइके," मी म्हटलं, "हे घड्याळ आहे. पण ते मला वाचता येत नाही. युर्तचं दार कुठल्या दिशेला होतं, त्यावर सगळं अवलंबून."

"कुणाला वाचता येईल?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि ते आठवून दोघांचाही चेहरा पडला. त्या घराचं ऊन ओळखणारी बाई एकच होती. सकाळीच ती माझ्या डोळ्यांदेखत जापारवर थुंकली होती.

४

दुपारी कोर्ट भरलं. बाइके उठले आणि नरमतच्या जावयाला पुन्हा साक्षीला बोलावलं. एर्मेक त्याचं नाव. खालच्या गावात फोन दुरुस्तीचं दुकान. नीटनेटका, गोड बोलणारा. सासूला हात धरून बाकापर्यंत आणणारा.

"एर्मेक, सासऱ्यांचा फोन कुठे आहे?"

"सांगितलं ना बाइके, गावात उतरताना ओढ्यात पडला. नशीब, त्याआधी मी फीत पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती."

"नशीबच. कुणाचं ते बघू. तू कुरणावर कधी आलास?"

"आठनंतर. आपा रडत होत्या. मग मीच पोलिसाला आणायला खाली गेलो."

"आणि जाता जाता दुकानात फीत उतरवलीस."

"पुरावा जपायला नको?"

"जपायलाच हवा. शाबास." बाइके वळले. "न्यायमूर्ती, आता मला ही फीत पुन्हा दाखवायची आहे."

"सकाळी पाहिली की," तोलोमुश साहेब म्हणाले.

मग मला उठावं लागलं. पडदा चालवणारी बाई कोर्टात कधी बोलत नाही. ती भिंतीचाच भाग असते.

"साहेब, सकाळी आपण ती अर्धीसुद्धा पाहिली नाही. मी कापली होती. पडदा भरावा म्हणून. चूक माझी."

सभागृहात कुजबुज झाली. सरकारी वकील ताडकन उठले. तोलोमुश साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दात कोरायची काडी त्यांनाही आठवली असणार, कारण त्यांचे कान लाल झाले.

"तुझी एकटीची नाही," ते म्हणाले. "लाव. पूर्ण."

मी लावली, आणि ऊन छतावर असताना चित्र थांबवलं. काळोखात ती अरुंद पट्टी उजळली. साठ माणसं पुढे वाकली. लहान चित्रासाठी माणसं अशी वाकतात, मोठ्यासाठी नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"सुयुमकान आपा," बाइके अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मी शहरी माणूस. मला यातलं काही समजत नाही. हे घर तुमचं. तुम्हाला काय दिसतं, तेवढं सांगा."

सरकारी वकील म्हणाले, "याचा खटल्याशी काय संबंध?"

"बसा हो," न्यायाधीश म्हणाले.

आपा उठल्या. आधी त्यांनी खाली पाहिलं.

"त्यांचे बूट," त्या म्हणाल्या. "डाव्याची टाच मी शिवली होती मेमध्ये." त्यांनी ओढणीने डोळे पुसले. आम्ही थांबलो. नवऱ्याला पायापर्यंत त्या आत्ता पाहत होत्या.

मग त्यांची नजर वर गेली, अंगावरून, टोपीवरून, छताच्या काठ्यांपर्यंत. तिथे ती थांबली.

"आपा?"

त्या बोलल्या नसत्या तरी चाललं असतं. "दिसत नाही, म्हातारी झाले," म्हणाल्या असत्या तर कुणीही मानलं असतं. समोरच्या पिंजऱ्यात तो होता, ज्याला त्यांनी दोन महिने रोज शिव्याशाप दिले होते.

"शिंगरं बांधायची वेळ आहे ही," आपा म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळ. आमचं दार उगवतीला. दर वर्षी त्याच चार दगडांवर. ऊन बैठकीच्या वर काठ्यांवर आलं की मी ओढ्याकाठी शिंगरं बांधायला जाते, मग घोड्या दुधाला येतात. दुपारी ऊन माझ्या बाजूला येतं, भांड्यांवर."

"आणि संध्याकाळी सहा चाळीसला?" सरकारी वकिलांनी विचारलं. त्यांचा आवाजही खाली आला होता.

"दारावर. संध्याकाळचं ऊन बैठकीवर पाडायचं तर डोंगर उचलून पलीकडे ठेवा, लेकरा."

कुणी हसलं नाही.

"आपा," बाइके म्हणाले, "तुम्ही पोलिसाला सांगितलं होतं, सकाळी भांडण झालं असतं तर मला ऐकू आलं असतं."

"मी ओढ्याकाठी होते." आपा पडद्याकडेच बघत म्हणाल्या. "जूनचं पाणी. कानाशी तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. मी खोटं नाही बोलले, मला कळलं नाही."

"आणि तुम्ही दुपारी निघालात तेव्हा घरचे वडीलधारे, नरमत अक्साकल, कसे होते?"

"जिवंत. माझी वाट अडवून म्हणाले, लवकर ये."

मी पडद्यावरच्या त्या उजेडाकडे बघत राहिले. त्याची तारीख बदलता येत नव्हती, वेळ पुसता येत नव्हती, कुणी दमात घेतलं तरी तो सरकला नसता. नऊ वर्षांत माझ्या भिंतीवर इतका खरा साक्षीदार आला नव्हता, आणि मीच त्याला तीन वर्षं बाहेर उभं ठेवलं होतं.

५

"आता दोनच गोष्टी," बाइके म्हणाले. त्यांचं पोट, त्यांच्या शिंका, सगळं विसरायला झालं. "नाझिरा, फितीवर लिहिलेली वेळ बदलता येते?"

"ज्याला येतं त्याला शर्ट बदलण्याइतकं सोपं आहे. फितीचं शेपूट कापणंही."

"कुणाला येतं?"

"मला. किंवा फोन दुरुस्त करणाऱ्या कुणालाही."

सगळ्यांच्या माना एर्मेककडे वळल्या. तो हसला. हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही.

"फोनचं घड्याळ चुकीचं असेल म्हाताऱ्याचं. त्यात माझा काय दोष?"

"असेल. तेही मी मानतो. म्हणून ही दुसरी गोष्ट." बाइकेंनी फायलीतला कागद वर धरला. "पोलिसाने पेनड्राइव्ह घेतला रात्री साडेनऊला, आणि पावतीवर फितीची वेळ टिपून घेतली, सहा चाळीस. डॉक्टर कुरणावर पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. मृत्यू सहा ते सातच्या मधे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. आपा बारापासून घरी नव्हत्या. बाराला मारलं असेल, तीनला, पाचला, काय सांगावं? पण आठनंतर पोचलेल्या माणसाने आणलेल्या फितीवर नेमकी ती घटका होती. चुकीचं घड्याळ इतकं हुशार नसतं. वेळ ज्याने लिहिली, त्याला वेळ माहीत होती."



"जापार," बाइके पिंजऱ्याकडे वळले, "चाबकाने तू काय दाखवत होतास?"

जापार पहिल्यांदाच उभा राहिला. "खालचं गाव. करड्याला एर्मेक बाइकेने चोरून शर्यतीत पळवलं होतं. मी अक्साकलना ते सकाळी सांगितलं. ते माझ्यावर आधी चिडले, मग म्हणाले, संध्याकाळी जावयाला बोलावतो, तोंडावर विचारतो. मी मेंढ्या घेऊन खिंडीकडे गेलो." तो घुटमळला. "मी हे पोलिसालाही सांगितलं होतं. पण मेंढ्यांची साक्ष कोण घेतं?"

आपा सावकाश जावयासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत.

"त्यांनी तुला बोलावलं होतं, एर्मेक?"

"आपा, मी..."

"चहाचे वाडगे दोन होते. मला वाटलं, दुसरा जापारचा. पण जापारला ते बैठकीवर कधी बसवत नसत, गुराखी दाराशी बसतो." आपांनी एर्मेकच्या डोळ्यांत पाहिलं. "जावयाला बसवत."

एर्मेकचा उजवा पाय मागे सरकला. बिनपायांची माणसं पाहायची सवय लागलेलं अख्खं कोर्ट त्या वेळी त्याच्या बुटांकडे बघत होतं. "त्यांनी मला सगळ्या गावासमोर चोर म्हणणार म्हणून सांगितलं," तो पुटपुटला. "माझ्या बायकोसमोर. मी फक्त ढकललं..." आणि मग त्याला कळलं की माझे मायक्रोफोन चालू आहेत.

६

पिंजऱ्याचं कुलूप उघडायला शिपायाला तीन किल्ल्या लागल्या. जापार बाहेर आला आणि कुठे जावं ते न कळून तिथेच उभा राहिला. सोडवल्यावर माणसाला मिठी मारायला कुणीतरी येतं. त्याच्याकडे कुणी नव्हतं.

तोलोमुश साहेब जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबले. पडद्यावर अजून ती काडी उभी होती, दोन्हीकडे काळोख.

"जुन्या खटल्यांची यादी काढ," ते म्हणाले. "सगळ्या उभ्या फिती. पहिल्यापासून बघू." मग चष्मा घातला आणि गेले. मला भीती वाटायला हवी होती. पण मला हलकं वाटलं आणि मी तिथेच रडले.

खोली रिकामी झाली. सुयुमकान आपा बाकावर बसून होत्या. पडद्यावर त्यांचा नवरा बुटांसकट उभा होता आणि त्याच्या डोक्यावर सकाळचं ऊन होतं. मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे जरा," त्या म्हणाल्या.

मी राहू दिलं. कोपऱ्यात जापार टोपी चुरगाळत उभा होता. आपांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माफी मागायची कशी हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि ती ऐकायची कशी हे त्यालाही.

शेवटी आपा उठल्या, ओढणी सावरली आणि दारातून, मागे न बघता म्हणाल्या, "शिंगरं एकटीने बांधवत नाहीत मला. उद्या ऊन काठ्यांवर यायच्या आत पोच."